जुन्या डिझेल पिकअपचे मिसिंग: पंप उतरवण्याआधी दोष कसा शोधावा?

शिवारवाट (नारायणगाव)

नमस्कार. माझ्याकडे २००६ सालची डिझेल पिकअप आहे. इंजिन अडीच लिटरचे, चार सिलिंडरांचे, टर्बो असलेले आहे. पंप रोटरी पद्धतीचा, पूर्णपणे यांत्रिक आहे, म्हणजे स्कॅनर लावून काही कळण्याची सोय नाही. हंगामात टोमॅटो आणि एरवी कांदा घेऊन आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण या रस्त्याने वाशीच्या बाजारात जाणे असते.

गेल्या हंगामापासून परतीच्या प्रवासात माळशेज घाट चढताना इंजिन मिसिंग करते. मध्येच ताकद जाते, एक-दोन गचके बसतात, पुन्हा ओढ येते आणि पुढच्या चढावर तेच होते. जाताना गाडी पूर्ण भरलेली असूनही असे कधी होत नाही. फिटरने नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) खराब असल्याचे सांगितल्यामुळे चारही नोझल नवीन घातले आणि डिझेल फिल्टरही बदलला. घाटातला त्रास जसाच्या तसा राहिला, उलट आता सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे इंजिन एका ठरावीक ठेक्यात हलते आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो. इंजिन तापले की तो बराचसा थांबतो.

आता पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मापे तपासून जुळवून घ्यायला, पाठवा, असा सल्ला मिळतो आहे. खर्च मोठा आहे आणि टोमॅटोचा हंगाम तोंडावर आहे. पंप खरोखर दोषी आहे की नाही, हे तो उतरवण्याआधी ठरवता येईल का?

पंपखोली

शिवारवाट, ठरवता येईल, आणि ते ठरवल्याशिवाय पंपाला हात लावू देऊ नका. माझे आयुष्य डिझेल पंप आणि नोझलच्या टेस्ट बेंचवर गेले आहे. दुरुस्तीला येणाऱ्या पंपांपैकी अनेक पंपांत मुळात दोष नसतो, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

तुमच्या वर्णनात मला एक नव्हे, दोन वेगवेगळी मिसिंग दिसतात, आणि ती एकत्र धरल्यामुळेच निदान भरकटले आहे. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. इंजिन ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, असेल तर एका सिलिंडरच्या वाट्याला मिनिटाला ४०० स्फोट येतात. तो एकच सिलिंडर काम करत नसेल, तर सेकंदाला सहा-सात वेळा तोच धक्का, त्याच अंतराने बसतो. तुम्ही ज्याला ठरावीक ठेका म्हणता तो हाच. याचा अर्थ सकाळचा दोष एखाद्या सिलिंडरपुरता आहे: त्याचे नोझल, त्याचा पाइप, त्याचे कॉम्प्रेशन (पिस्टनने हवेवर आणलेला दाब) किंवा त्याचे व्हॉल्व्ह.

घाटातला दोष मात्र ठेक्यात नाही. ताकद जाते, येते, पुन्हा जाते. असे होते तेव्हा सगळ्या सिलिंडरांना लागणारी एखादी गोष्ट अधूनमधून कमी पडत असते, आणि जुन्या यांत्रिक डिझेलमध्ये ती गोष्ट बहुतेक वेळा टाकीपासून पंपापर्यंत येणारे डिझेल असते. एक तर डिझेल पुरेसे येत नाही किंवा त्याच्यासोबत हवा येते. पेट्रोलच्या गाडीत प्लग, कॉइल, वायर हे सगळे आधी तपासावे लागते. आपल्याकडे ठिणगीच नाही. पिस्टनने दाबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून पुरेसे कॉम्प्रेशन, योग्य वेळी योग्य मापाचे आणि हवा नसलेले डिझेल, नीट फवारा आणि श्वासाला मोकळी हवा, एवढ्याच गोष्टींत शोध घ्यायचा आहे.

मला तीन गोष्टी सांगा. घाट चढताना टाकीत डिझेल किती असते? त्रास सुरू झाल्यावर थांबून टाकीचे झाकण उघडले तर आत हवा खेचल्याचा आवाज येतो का? आणि सकाळचा पांढरा धूर नोझल बदलण्याआधी येत होता का?

हायवेवाला

माझ्या मते पंपच गेलेला आहे. एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ डिझेल आले. त्यातले सल्फर १० पीपीएमपर्यंत खाली आणले आहे. जुने पंप डिझेलच्याच वंगणावर चालतात, त्यामुळे कोरड्या डिझेलने ते झिजतात. माझ्या जुन्या गाडीचा पंप असाच गेला. हंगामाआधी एकदाच पंप करून घ्या आणि मोकळे व्हा.

पंपखोली

हायवेवाला, सल्फरचा आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. सल्फर काढताना डिझेलचा वंगणगुण कमी होतो, हे खरे. म्हणूनच डिझेलच्या मानकात वंगणक्षमतेची स्वतंत्र मर्यादा घातलेली आहे आणि शुद्धीकरण कारखान्यात त्यासाठी अ‍ॅडिटिव्ह मिसळले जाते. जुन्या गाड्यांत त्रास होतो तो अधिक करून वीस वर्षांच्या रबरी सीलमुळे. ती कडक होतात, आकसतात आणि तिथून डिझेल पाझरते किंवा हवा आत जाते. म्हणजे पुन्हा आपण हवेवरच येऊन पोहोचतो.

झिजलेल्या रोटरी पंपाची लक्षणे वेगळी असतात. इंजिन गरम असताना बंद केले की पुन्हा सुरू व्हायला फार वेळ घेते, कारण तापलेले पातळ डिझेल झिजलेल्या भागांतून मागे निसटते. शिवाय ओढ सगळीकडेच कमी झालेली असते, भरलेल्या गाडीला तर जास्तच. ज्या गाडीचा पंप झिजला आहे, ती माल भरून आळेफाट्याकडे विनातक्रार जाईल आणि रिकामी परतताना अडखळेल, हे मला पटत नाही.

शिवारवाट

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. निघण्याच्या आदल्या रात्री मी टाकी भरतो. परतताना माळशेजच्या पायथ्याशी काटा अर्ध्याच्या बराच खाली असतो. झाकण उघडून पाहिले, कसलाही आवाज आला नाही. पांढरा धूर मात्र नोझल बदलल्यानंतरच सुरू झाला. त्याआधी सकाळी गाडी एकदम शांत असायची. गरम इंजिन हाफ सेल्फमध्ये सुरू होते.

पंपखोली

मग पंप जागेवरच राहू द्या. तुमच्या उत्तरांतून पुष्कळ गोष्टी सुटल्या.

टाकी भरलेली असताना, पूर्ण ओझ्यावर, म्हणजे डिझेलची मागणी सर्वांत जास्त असताना इंजिन ठीक चालते. फिल्टर किंवा टाकीतली जाळी चोंदलेली असती तर त्रास आधी तिथे झाला असता. झाकणाचा श्वास बंद असता तर टाकीत निर्वात तयार होऊन उघडताना आवाज आला असता. उरतो तो टाकीतला सक्शन पाइप, म्हणजे डिझेल ओढून घेणारा पाइप. हा पाइप वरून टाकीत उतरतो आणि तळाच्या थोडा वर संपतो. त्याला मध्येच बारीक चीर गेली असेल, तर टाकी भरलेली असेपर्यंत ती चीर डिझेलखाली बुडलेली राहते आणि काही बिघडत नाही. पातळी खाली गेली की चीर उघडी पडते. घाटात नाक वर झाले की डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला सरकते आणि ती आणखी उघडी पडते. शहाळ्याच्या नळीला वर भेग असली तर पाण्याऐवजी हवाच तोंडात येते, तसाच हा प्रकार आहे. सक्शनच्या बाजूची गळती बाहेर थेंब दाखवत नाही, कारण तिथे डिझेल बाहेर येत नसून हवा आत जात असते. म्हणूनच खाली वाकून पाइप पुसून पाहणाऱ्याला ती सापडत नाही.

याची खात्री करण्यासाठी एक रुपयाही वेगळा खर्च नाही. पुढच्या फेरीत परतताना मुरबाडला टाकी पूर्ण भरा आणि मग घाट चढा. मिसिंग गायब झाले, तर दोष टाकीच्या आत आहे. तसेच राहिले, तर टाकीबाहेरच्या रबरी नळ्या, त्यांचे क्लिप, पाणी वेगळे करणाऱ्या वाटीचे रबर, हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) आणि बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) यांखालचे वायसर पाहावे लागतील. त्यासाठी पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी जोडावी. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले तर चालतात. इंजिन तापल्यावरही माळ सुरूच राहिली, तर हवा येते आहे हे निश्चित समजावे. मग एकेक जोड वगळत टाकीकडे जायचे. शेवटचा निकाल कॅनने लागतो: गाडी उभी असताना स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनाच्या वर, टर्बो आणि सायलेन्सरपासून दूर पक्का बांधावा, पंपाची येणारी आणि परतीची दोन्ही नळी त्यातच सोडावी आणि इंजिन वेगवेगळ्या वेगांवर चालवून पाहावे. कॅनवर बुडबुडे नाहीत आणि टाकीवर आहेत, असे दिसले की पंपाची निर्दोष सुटका झाली.

सकाळच्या मिसिंगसाठी आधी सिलिंडर ओळखा. थंड इंजिन सुरू करून, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना, एका वेळी एकाच नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट १७च्या पान्याने अर्धा फेरा सैल करायचा आणि लगेच आवळायचा. चालू सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन खाली बसते. ज्याचा सैल करूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नाही. डोळ्यांवर चष्मा आणि नटाभोवती जाड फडके हवेच, आणि डिझेलची धार हातावर घ्यायची नाही. हे फक्त तुमच्यासारख्या यांत्रिक पंपाच्या इंजिनासाठी आहे.

डेट्रॉइटकर

माझी पिकअप पेट्रोलवर चालणारी, २००३ची व्ही-८ आहे, त्यामुळे यंत्रणा निराळी आहे, पण वरचे वाचताना शोधाची दिशा किती सारखी आहे हे जाणवले. अमेरिकेत १९९६पासून हलक्या वाहनांना ओबीडी-२ (इंजिनाचे दोष स्वतः ओळखून कोड देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे, म्हणून माझ्याकडे संगणक सिलिंडरचा क्रमांकच सांगतो: पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०८ म्हणजे आठवा आणि पी०३०० म्हणजे ठरावीक सिलिंडर नाही, कुठेही होते आहे. इथेही लोक पी०३०० दिसला की आठही प्लग आणि कॉइल विकत आणतात, वास्तविक तो संकेत व्हॅक्यूमची गळती किंवा इंधनाचा कमी दाब यांसारख्या सामायिक दोषाकडे बोट दाखवत असतो. एकाच सिलिंडरचा कोड असेल, तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून कोड तिच्यामागे जातो का ते पाहायचे. गेला तर कॉइल खराब. नाही गेला तर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन. पेट्रोलवाल्यांनी एक लक्षात ठेवावे: इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी तशीच चालवत नेऊ नये, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो वितळतो.

नोझलचीही अशी अदलाबदल करता येईल, असे वाटते.

शिल्पनिदेशिका

करता येते, आणि करायलाच हवी. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवते आणि मुलांना पहिल्या सत्रातच हा नियम घालून देते की संशयित भाग बदलण्याआधी त्याची जागा बदलावी.

शिवारवाट दादा, सकाळचा धूर नोझल बदलल्यानंतर सुरू झाला, ही तुमच्या धाग्यातली सर्वांत मोलाची ओळ आहे. झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. कूलंट जळत असते तर वास गोडसर आला असता आणि रेडिएटरचे पाणी कमी झाले असते. ऑइल जळत असते तर धूर निळसर दिसला असता. तेव्हा त्या सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचते आहे, पण थंडीत नीट पेटत नाही. नोझल काढले-घातले त्या कामातच कुठेतरी पाणी मुरते आहे.

नोझलच्या टोकाशी तांब्याचा वायसर असतो. दर वेळी तो नवीन घालावा लागतो. जुना वायसर कार्बनमुळे हेडच्या खोबणीत घट्ट चिकटून बसतो आणि नोझल वर येते तेव्हा तो खालीच राहतो. घाईत काम झाले तर त्याच्यावरच नवा वायसर बसतो. बाहेरून सगळे ठीक दिसते, गळतीही नसते, पण नोझलचे टोक वायसरच्या जाडीएवढे वर राहते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात फवारा पिस्टनमधल्या वाटीत ठरलेल्या जागी पडणे आवश्यक असते. तो वर सरकला की डिझेल वाटीच्या काठावर आणि थंड पृष्ठभागावर पडते, नीट जळत नाही आणि धूर होतो. इंजिन तापल्यावर पृष्ठभागही तापतो, म्हणून त्रास कमी होतो. तुमच्या वर्णनाशी हे इतके जुळते की मी कॉम्प्रेशन गेज लावण्याआधी त्या भोकात टॉर्च मारून पाहीन.

सिलिंडर सापडला की त्याचे नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावा. धूर आणि ठेका नोझलसोबत गेला, तर नोझल पंपवाल्याकडे टेस्टरवर तपासून घ्या: किती दाबाला उघडते, फवारा धुक्यासारखा येतो की पिचकारीसारखा, आणि टोकाशी थेंब राहतो का. दोष त्याच सिलिंडरमध्ये राहिला आणि वायसरही एकच निघाला, तर टॅपेट (व्हॉल्व्हवर ठेवायची फट) तपासा आणि नंतरच कॉम्प्रेशन. अशा इंजिनात निरोगी सिलिंडर साधारण २५ ते ३० बार दाखवतो, तरी नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच धरावा. मी आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतल्या फरकाकडे जास्त पाहते. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट जळालेले असण्याची शक्यता मोठी असते. टॅपेट घट्ट असण्याची खूण उलटी असते: थंडीत बरे आणि तापल्यावर वाईट, कारण तापून लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही.

एक सोपी चाचणी राहिली. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभराने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही तोंडांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. मेलेल्या सिलिंडरचे तोंड बाकीच्यांपेक्षा स्पष्ट थंड लागते. करोनाच्या काळात घेतलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर यासाठी चालत नाही, त्याचा पल्ला फार छोटा असतो. कारखान्यात वापरतात तो घ्यावा. नसेल तर प्रत्येक तोंडावर पाण्याचा एकेक थेंब टाकून कोणता उशिरा उडतो ते पाहणारे जुने मिस्त्री मी पाहिले आहेत, आणि त्यांचे निदान चुकत नसे.

शिवारवाट

सर्वांना नमस्कार. सांगितले त्या क्रमाने तपासले, त्याचा वृत्तांत देतो.

मुरबाडला टाकी काठोकाठ भरून घाट चढलो. एकही गचका बसला नाही. दुसऱ्या दिवशी गावात टाकी तळाला आल्यावर गाडी नाक वर करून उतारावर उभी केली, पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळी लावली आणि रेस केली. बुडबुड्यांची माळ अखंड दिसत होती. कॅन जोडला, बुडबुडे थांबले. मग टाकीतून फ्लोटसोबत सक्शन पाइप बाहेर काढला. डोळ्यांना काहीच दिसेना. पाइप पाण्याच्या बादलीत आडवा धरून, खालचे तोंड अंगठ्याने दाबून, वरून फुंकर मारली, तेव्हा साधारण मध्यावर, जिथे आधाराची पट्टी झाळलेली आहे तिथून, बारीक बुडबुडे निघाले. पट्टीच्या कडेला केसाएवढी चीर होती.

सकाळच्या मिसिंगमध्ये तिसऱ्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात काही फरक पडला नाही. त्याचे नोझल पहिल्याला लावले, दोष तिसऱ्यातच राहिला. ताईंनी सांगितल्याप्रमाणे टॉर्च मारली; खोबणीच्या तळाशी काजळीत रुतलेला जुना वायसर दिसला. तो वाकवलेल्या तारेने आणि थोड्या प्रयासाने निघाला, त्याआधी इंजिनात काही पडू नये म्हणून भोकात ग्रीस लावलेली चिंधी बसवली होती. भोक स्वच्छ करून एकच नवीन वायसर घालून नोझल बसवले. आज सकाळी इंजिन पहिल्या सेल्फला, धुराशिवाय आणि शांत सुरू झाले.

पंप उतरवला नाही. आता पाइप झाळून घ्यावा की नवीन घ्यावा, आणि गॅरेजवाला टाकीवरच वेल्डिंग करू म्हणतो आहे, ते करावे का?

पंपखोली

टाकीवर वेल्डिंग अजिबात करू देऊ नका. रिकाम्या टाकीत डिझेलची वाफ राहते, आणि वेल्डिंगच्या ठिणगीने अशा टाक्या फुटून माणसे दगावली आहेत. पाइप टाकीबाहेर निघालेला आहेच. तो धुऊन, वाळवून, टाकीपासून लांब नेऊन पितळाने झाळता येईल; मात्र आधाराची पट्टी कंपनाने पुन्हा तिथेच ताण देईल, म्हणून मिळाला तर नवीनच घ्यावा. टाकी उघडलेलीच आहे, तर तळाचा गाळ आणि पाणी काढून घ्या. पाइप बसवल्यावर हँड प्रायमरने एअर पूर्ण काढल्याशिवाय सेल्फ मारत राहू नका, बॅटरी आणि सेल्फ दोन्ही खराब होतात.

कॉमनरेलवाला

माझी पिकअप २०१२ची कॉमन रेलची (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) आहे आणि आयडलवर तसाच ठेका लागतो. मीही नट सैल करून सिलिंडर शोधू का?

शिल्पनिदेशिका

नाही, कृपया हे करू नका. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० बारपर्यंत जाऊ शकतो. त्या दाबाची धार कातडी भेदून थेट आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत डिझेल पसरून हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशी धार लागली तर दुखत नसले तरी ताबडतोब रुग्णालयात जावे आणि जखम डिझेलच्या दाबाने झाली आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

तुमच्या गाडीत स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची इंधन-दुरुस्तीची मूल्ये दिसतात. ज्याला संगणक सर्वांत जास्त डिझेल वाढवून देतो आहे, तो कमजोर. त्यानंतर चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून, इंजिन आयडलवर ठेवून, कोणती बाटली लवकर भरते ते पाहावे. ज्याची बाटली लवकर भरते तो इंजेक्टर आतून गळतो आहे. तो बदलला तर त्याच्यावर कोरलेला कोड संगणकात भरून घ्यायला सांगा. पुष्कळ ठिकाणी हे काम राहून जाते आणि नव्या इंजेक्टरवरही ठेका तसाच राहतो. स्कॅनरची मूल्ये मिळाली की इथे लिहा, पुढचे पाहू.